गावातला वीरगळ कसा वाचावा : पहिल्यांदाच पाहणाऱ्यांसाठी

आमच्या गावात मारुतीच्या देवळाबाहेर एक उभा दगड आहे. लपाछपीत ज्याच्यावर राज्य यायचं तो त्या दगडावर डोकं टेकवून शंभरापर्यंत आकडे म्हणायचा. कपाळाला काहीतरी खडबडीत टोचायचं. ते काय आहे हे डोळे उघडून बघावं, असं आम्हा पोरांपैकी एकाच्याही मनात आलं नाही. विशी उलटल्यावर एका संग्रहालयात तसाच दगड दिव्याखाली मांडलेला दिसला, खाली पाटी होती : ‘वीरगळ’. तिथे पहिल्यांदा कळलं की कपाळाला टोचत होती ती एका माणसाची तलवार.

गड आणि लेणी बघायला लोक हौसेने जातात, त्यांच्यावर माहितीही ढिगाने मिळते. वीरगळ मात्र गावोगावी पडून आहेत. त्यांना तिकीट नाही, गाइड नाही आणि बहुतेक ठिकाणी साधी पाटीसुद्धा नाही. म्हणूनच भूतकाळ स्वतःच्या डोळ्यांनी वाचायला शिकण्यासाठी यांच्याइतकी सोयीची जागा दुसरी नाही, असं माझं मत आहे. गडावर तुम्ही पोहोचण्याआधीच त्याची गोष्ट तुम्हाला पाठ असते. या दगडाची गोष्ट कुणी सांगितलेली नसते.

आधी शब्दाचं बघू. ‘वीरगळ’ म्हणजे वीराचा दगड. यातला ‘गळ’ कानडी ‘कल्लु’वरून, म्हणजे दगड या अर्थाच्या शब्दावरून आला. लढताना मेलेल्या माणसाच्या आठवणीसाठी उभा केलेला हा दगड. महाराष्ट्रात दिसणारे बरेच कोरीव वीरगळ शिलाहार आणि यादव या राजघराण्यांच्या काळातले, म्हणजे ढोबळमानाने अकराव्या ते चौदाव्या शतकातले आहेत. पण प्रथा त्याच्याही आधीची आणि नंतरही बराच काळ चाललेली, त्यामुळे दिसला दगड की ‘यादवकालीन’ म्हणायची घाई करू नका.

पहिली पायरी : शोधायचा कुठे

आपल्याच गावापासून सुरुवात करा. मूळ गाव लांब असेल तर आजोळ, नाहीतर सासर. ग्रामदैवताच्या देवळाचं आवार, विशेषतः देवळाची मागची बाजू, बघा. भैरवनाथ, जोगेश्वरी, महादेव यांच्या देवळांपाशी हे दगड हमखास सापडतात. मग वेशीजवळ, पाराला टेकून, तळ्याच्या किंवा बारवेच्या काठाला. काही दगड पायरी म्हणून बसवलेले असतात, काही धुण्याला लावलेले. एक मी गोठ्यात पाहिला, त्याला म्हैस बांधलेली होती.

जुनी पांढर कुठे होती, हे म्हाताऱ्या माणसांना जरूर विचारा. पांढर म्हणजे वस्तीची जमीन, काळी म्हणजे शेतीची. कित्येक गावं कधीतरी उठून दुसरीकडे बसली. दगड मात्र जुन्या पांढरीवरच राहिले. आज तिथे ज्वारी असते आणि बांधावर एकटाच वीर उभा असतो.

एकाच ठिकाणी भरपूर वीरगळ पाहून डोळा तयार करायचा असेल तर वाई तालुक्यातल्या किकलीला जा. भैरवनाथाच्या देवळापाशी ते ओळीने मांडलेले आहेत. बारामतीकडच्या लोकांना लोणी भापकर जवळ पडेल. दहा-पंधरा दगड एका दमात पाहिले की कारागिरांची ठरलेली मांडणी आपोआप लक्षात येते, मग स्वतःच्या गावातला झिजलेला दगडही ओळखीचा वाटू लागतो.

दुसरी पायरी : वेळ आणि पिशवी

पावसाळ्यात शेवाळ चढतं, उन्हाळ्यात दुपारी दगडाला हात लावता येत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. त्यातही सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचच्या पुढे. बसाल्टवरचं झिजलेलं कोरीवकाम डोक्यावरच्या उन्हात सपाट दिसतं. तिरपं ऊन पडलं की त्याच दगडातून घोड्याचे कान वर येतात. दगड सावलीत असेल तर बाजूने टॉर्च धरा, किंवा हातभर लांबून आरशाने ऊन त्याच्यावर फेका.

पिशवीत वही, पेन्सिल, मोजायची टेप, टॉर्च, छोटा आरसा आणि पाणी ठेवा. पालापाचोळा झटकायला एखादा मऊ ब्रश चालेल. तारेचा ब्रश, खडू, पीठ, लिंबू, साबण, यातलं काहीही घरातून निघताना बरोबर घेऊ नका. खडूने रेषा गिरवल्या की फोटो छान येतो, पण तो फोटो तुमच्या समजुतीचा असतो. दगडाचा नसतो.

दगडाच्या बुडाशी हात घालण्याआधी काठीने गवत हलवा. ही सूचना मी अनुभवावरून देतोय. त्या दिवशी बाहेर आलं ते धामणच होतं, तरी मी पुढचा अर्धा तास काही वाचू शकलो नाही.

तिसरी पायरी : आधी माणसांशी बोला

कोरलेला असला तरी तो दगड गावाचा देव असू शकतो. शेंदूर, तेल, सुकलेली फुलं, फोडलेल्या नारळाची करवंटी, यातलं काहीही दिसलं तर चपला काढा आणि जवळ जे कोणी असेल त्यांना विचारा.

विचारण्याची एक रीत आहे. मी सुरुवातीला थेट म्हणायचो, ‘‘काका, हा वीरगळ आहे ना?’’ समोरचा माणूस पाहुण्याचा मान राखून ‘‘हो हो’’ म्हणायचा आणि गप्प बसायचा. आपणच उत्तर पुढ्यात ठेवलं तर त्यांनी काय सांगायचं? आता मी एवढंच विचारतो, ‘‘बाबा, ह्याला तुम्ही काय म्हणता?’’

मग उत्तरं येतात. म्हसोबा. वेताळ. पांडव. ‘‘वीर हाय त्यो.’’ ‘‘भैरोबाचा शिपाई.’’ एका आजींनी मला सांगितलं, ‘‘आमी काय म्हणत न्हाय बाबा, नुसता नमस्कार करतो.’’ हेही उत्तर वहीत लिहा, त्यांच्याच शब्दांत. पुढे आणखी तीन गोष्टी विचारा : दगड पहिल्यापासून इथेच आहे की कुठून आणून ठेवला? वर्षातून कधी त्याला काही करतात का? आणि करतं कोण, सगळं गाव की एकच घर?

फोटो काढू का, हे विचारायला लाजू नका. माझ्या अनुभवात नाही म्हणणारे फार थोडे. न विचारता फोटो काढणाऱ्यावर रागावणारे पुष्कळ.

चौथी पायरी : खालून वर वाचा

नवखा माणूस इथेच चुकतो, कारण आपली नजर पुस्तकासारखी वरून सुरू होते. वीरगळ तळापासून वाचायचा. दगड सहसा तीन किंवा चार आडव्या कप्प्यांत विभागलेला असतो आणि गोष्ट जमिनीकडून आभाळाकडे चढत जाते.

सगळ्यात खालचा कप्पा मरणाचा. वीर आडवा पडलेला दिसतो. कधी त्याच्याशेजारी किंवा त्याच्या जागी गायींची रांग असते. गायी दिसल्या तर समजायचं की भांडण गुरांवरून झालं. शत्रू गावची गुरं वळवून न्यायला आला आणि हा माणूस त्यांना सोडवताना मेला. कोरडवाहू मुलखात गुरं पळवणं म्हणजे आख्ख्या गावाचं पोट पळवणं. आपण इतिहास म्हटलं की राजे आणि तह आठवतो. इथे मात्र दावणीला बांधलेल्या जनावरासाठी दिलेला जीव कोरलाय, आणि तोही चांगला पैसा खर्च करून. धनगर आणि त्यांच्या दैवतांचा महाराष्ट्रात वर्षानुवर्षं हिंडून अभ्यास करणारे जर्मन संशोधक गुंथर सोन्थायमर या स्मृतिदगडांकडे वळले ते उगाच नाही. गुराखी, त्याचं मरण आणि त्याचा देव, हे धागे एकमेकांत अडकलेले आहेत.

त्याच्या वरचा कप्पा लढाईचा. इथे जरा रेंगाळा. आपला वीर बहुधा इतरांपेक्षा मोठा कोरलेला असतो. हातात काय आहे? ढाल-तलवार, भाला की धनुष्य? पायी आहे की घोड्यावर? समोर किती जण? डोक्यामागे केसांचा बुचडा आहे की डोक्याला काही बांधलंय? समोर माणसाऐवजी वाघही असू शकतो. कर्नाटकात मंड्य जिल्ह्यातल्या आतकूरचा दहाव्या शतकातला दगड तर रानडुकराशी झुंजून मेलेल्या काळी नावाच्या कुत्र्यासाठी आहे. अंगावर भरजरी काही नसलेला, एकच शस्त्र घेतलेला वीर दिसला तर तो गावातलाच कुणीतरी असण्याची शक्यता मनात धरायला हरकत नाही. पण फक्त शक्यता म्हणूनच.

तिसऱ्या कप्प्यात अप्सरा येतात. दोन्ही बाजूंनी वीराला धरून वर नेणाऱ्या, किंवा मध्ये तो बसलेला आणि त्या चवऱ्या ढाळणाऱ्या. लढाईच्या कप्प्यात सगळं तिरपं, धक्काबुक्कीचं असतं. इथे आल्यावर रेषा एकदम शांत होतात. चांगल्या कारागिराचा दगड असेल तर हा फरक झिजेतूनही जाणवतो.

सगळ्यात वर कैलास. मध्ये शिवलिंग, एका बाजूला हात जोडून बसलेला वीर, दुसऱ्या बाजूला पूजा करणारा पुजारी, कधी नंदी. शिवलिंगाच्या जागी कधी दुसरं दैवत असतं, काही ठिकाणी जैन तीर्थंकरही. त्यावरून त्या घराचा धर्म-संप्रदाय कळतो, म्हणून हा कप्पा नीट बघा. त्याच्याही वर कळस आणि दोन्ही बाजूंना चंद्र-सूर्य. अर्थ साधा : चंद्र-सूर्य आहेत तोवर या माणसाची आठवण राहो.

प्रत्येक कप्प्याचं वेगळं चित्र वहीत पेन्सिलने काढा. चित्रकला येत नसली तरी काढा, माझी चित्रं बघून घरची मंडळी अजून हसतात. फोटो काढताना डोळा दगडावरून घसरतो. चित्र काढताना ‘हा हात कुणाचा?’ असा प्रश्न पडतोच पडतो. मी आमच्या मारुतीपुढच्या दगडाचे चाळीसेक फोटो काढले होते. खालच्या कप्प्यात सात गायींच्या मागे एक वासरू आहे आणि ते मान वळवून मागे बघतंय, हे कळलं ते चित्र काढताना.

पाचवी पायरी : वीरगळ नसेल तर काय असेल

कप्पे नाहीत आणि दगडावर कोपरात दुमडलेला, वर उचललेला एकच हात आहे, मनगटात बांगड्या आहेत, तर ती सतीशिळा. बांगड्या मुद्दाम स्पष्ट कोरलेल्या असतात, कारण सती गेलेल्या बाईचं सौभाग्य अखंड राहिलं असं दाखवायचं असतं. इथेही वर चंद्र-सूर्य दिसतील. कधीकधी वीरगळावरच एका कडेला हा हात येतो आणि एकाच दगडात दोन मरणं असतात. मध्य प्रदेशातल्या एरणचा इसवी सन ५१० चा स्तंभलेख गोपराज नावाच्या योद्ध्याबरोबर त्याची बायको चितेवर गेल्याचं सांगतो. म्हणजे ही गोष्ट किती मागे जाते बघा. सतीशिळेपुढे उभं राहून काय वाटायला हवं, याचा सल्ला मी देणार नाही. मला स्वतःला दर वेळी वेगळं काहीतरी वाटतं आणि त्यातलं काहीच धड लिहिता येत नाही.

तिसरा प्रकार पाहून नवखे लोक गांगरतात. दगडावर वर चंद्र-सूर्य, मध्ये ओळी कोरलेल्या आणि खाली गाढव आणि स्त्री यांचं उघडंवाघडं चित्र. हा गधेगाळ. एखादी जमीन किंवा एखाद्या गावाचं उत्पन्न दान दिलं की ते कोणी मोडू नये म्हणून दगडावर राजाज्ञा कोरायची आणि खाली शिवी. जो हे दान मोडील त्याच्या आईवर गाढव, असा तिचा अर्थ. अक्षर न येणाऱ्यालाही दम कळावा म्हणून चित्र. कोकणात शिलाहारांच्या मुलखात हे दगड विशेष सापडतात. अलिबागजवळच्या आक्षीचा प्रसिद्ध जुना मराठी लेख असाच गधेगाळावर आहे. गावकरी बऱ्याचदा असा दगड लाजेने पालथा घालतात. गुन्हा करणार पुरुष, शिवी त्याच्या आईला. आठ-नऊशे वर्षांपूर्वीच्या समाजाबद्दल हे एक चित्र पुष्कळ बोलतं, आणि आजच्या शिव्या ऐकल्या तर फार काही बदललंय असंही नाही.

नागशिळा, गजलक्ष्मी, समाधीचे दगड, गावाच्या शिवेचे दगड, हेही भेटतील. ओळखता आलं नाही तर ‘कोरीव दगड’ एवढंच लिहून पुढे चला.

सहावी पायरी : अक्षरं दिसली तर

महाराष्ट्रातल्या बहुसंख्य वीरगळांवर एक अक्षरही नसतं. दिसलंच तर नशीब समजा आणि वाचण्याची घाई करू नका. यादवकाळाच्या आसपासची देवनागरी आपल्या ओळखीची वाटते आणि तिथेच फसवते. तिच्यात मात्रा अक्षराच्या डोक्यावर न देता आधी उभ्या दंडासारखी दिलेली असते, तिला पृष्ठमात्रा किंवा पडिमात्रा म्हणतात. ती काना समजून वाचली की ‘दे’चं भलतंच होतं.

आरंभी ‘स्वस्ति’ किंवा ‘श्री’ शोधा. मग ‘सकु’ किंवा ‘शक’ आणि त्यापुढे आकडे. शकाच्या आकड्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो. तिथी वर्षाच्या शेवटच्या महिन्यांतली असेल, म्हणजे इंग्रजी वर्ष बदलल्यानंतरची, तर ७९. शेजारी संवत्सराचं नाव असेल तर ते नक्की उतरवा, साठ संवत्सरांच्या चक्राशी ताडून आकडा बरोबर वाचला की नाही हे तज्ज्ञ तपासू शकतात.

फोटो चार बाजूंनी तिरप्या उजेडात काढा आणि जाणकारांकडे द्या. ओला कागद चिकटवून शाईने ठसा घेण्याची जुनी पद्धत आहे, पण ते शिकलेल्या हातांचं काम, आपलं नव्हे.

सोलापूरजवळ भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडल आहे. तिथल्या देवळात शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी लेख आहे. त्यात ‘जो हे वाचील तो विजयी होईल’ अशा अर्थाची ओळ येते. हजार वर्षांपूर्वी कुणीतरी वाचणाऱ्याला बक्षीस लावून ठेवलंय. तिथे गेलात तर तेवढी ओळ बोट न लावता, नुसत्या नजरेने शोधून बघा.

सातवी पायरी : वहीत तीन रकाने

बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका. प्रत्येक दगडासाठी वहीच्या पानावर तीन रकाने पाडा : ‘दिसलं’, ‘सांगितलं’, ‘मला वाटलं’. एका रकान्यातलं वाक्य दुसऱ्यात जाऊ द्यायचं नाही.

हे मी कसं शिकलो ते सांगतो. आमचे आजोबा म्हणायचे की देवळापुढचा दगड शिवाजी महाराजांच्या फौजेतल्या मावळ्याचा. मी तसं लिहून, वर दोन भगवे झेंडे लावून गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. दोनशे लोकांनी हात जोडले. शेजारच्या गावातल्या एका निवृत्त मास्तरांचा मात्र रात्री फोन आला. त्यांनी एकच विचारलं, ‘‘पगडी दिसते का रे कुठं? केस बघ आधी.’’ मी सकाळी जाऊन बघितलं. डोक्यामागे बुचडा, अंगावर नुसता कसलेला काचा, बाजूला नक्षीचे खांब. सगळी ठेवण कितीतरी आधीची. आजोबांचं वाक्य मी ‘दिसलं’च्या रकान्यात लिहून बसलो होतो.

म्हणून आजोबांचं वाक्य खोडलं नाही. ते ‘सांगितलं’मध्ये गेलं, आणि तिथे त्याची किंमत आहे. गावाला आपल्या दगडाचं नातं महाराजांशी लावावंसं वाटलं, हाही इतिहासच, फक्त तो अलीकडच्या गावाचा आहे. त्या दगडाला सर्वपित्री अमावास्येला एका घरातून तेल येतं. ते घर आता पुण्यात असतं, तरी कोणीतरी एक जण एसटीने येऊन तेल घालून जातो. तो वीर खरंच त्यांच्या कुळातला का, हे दगड सांगू शकत नाही. पण त्या घराला तसं वाटतं आणि त्यासाठी ते तिकीट काढतात, एवढं पक्कं आहे.

अभ्यासकांनासुद्धा हेच तीन रकाने लागतात, याचं सुंदर उदाहरण मुंबईत आहे. बोरिवली पश्चिमेला एकसरला, भर वस्तीत, मोठे वीरगळ उभे आहेत. काय दिसतं? काहींवर वल्ह्यांच्या रांगा असलेल्या नावा आणि पाण्यावरची लढाई, एकावर हत्तींची फौज. लिहिलेलं काय आहे? यादवांचा मंत्री हेमाद्री याने त्यांची जी प्रशस्ती, म्हणजे स्तुतिपर काव्य, लिहिली तिच्यात महादेव यादवाने कोकणच्या शिलाहार सोमेश्वराचा पाठलाग केल्याचं आणि सोमेश्वर समुद्रात बुडाल्याचं येतं. या दोन गोष्टी जोडून पुष्कळ अभ्यासक म्हणतात की हे दगड त्याच लढाईचे, साधारण १२६५ च्या आसपासचे. काहींनी मात्र ते दोन-अडीचशे वर्षं मागे नेऊन माळव्याच्या भोज परमाराच्या कोकण स्वारीशी जोडून पाहिलेत. नावा आणि हत्ती तेच. बदलतो तो तिसरा रकाना. मला स्वतःला सोमेश्वराची गोष्ट पटते, पण ती मला आवडते म्हणून पटते की पुरावा आहे म्हणून, हे विचारायला मी शिकलोय. समुद्रात बुडणारा राजा कुणाला आवडणार नाही?

गोव्याकडच्या वाचकांनी ओल्ड गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात जाऊन कदंबकाळातले नावांचे वीरगळ बघावेत आणि एकसरच्या फोटोंशी ताडावेत. परदेशात किंवा परप्रांतात राहणाऱ्यांनी सुट्टीतला एक दिवस यासाठी काढावा. आई-वडिलांना बरोबर न्यावं, कारण दुसरा रकाना त्यांच्याशिवाय भरत नाही.

तीन रकान्यांखाली कोरडी माहिती लिहा : गाव, तालुका, मोबाइलवरून मिळालेलं ठिकाण, तारीख, दगडाची उंची-रुंदी-जाडी सेंटिमीटरमध्ये, तोंड कोणत्या दिशेला, किती कप्पे, कुठे फुटलाय, किती शेंदूर. फोटोत पट्टी ठेवा. पट्टी नसेल तर पेन ठेवा. नुसत्या दगडाचा फोटो वीतभर दगडाचा की पुरुषभर, हे नंतर तुम्हालाच आठवत नाही.

आठवी पायरी : हे टाळा

शेंदराचं कवच खरवडून काढू नका. आत काय आहे याची उत्सुकता मलाही असते, पण शेंदूर लावणाऱ्याची भावना बाजूला ठेवली तरी खरवडताना दगडाची वरची पापुद्री निघून येते आणि तिच्याबरोबर नाक-डोळे. ऑइल पेंट देऊ नका आणि कोणी देत असेल तर भांडण न करता समजावा. बुड पुरलेलं असलं तरी उकरू नका. दगड पडलेला दिसला म्हणून चार पोरं जमवून उभा करू नका. तो ज्या जागी, ज्या तोंडाने पडलाय तीही माहिती आहे.

आणि घरी तर अजिबात आणू नका. शंभर वर्षांहून जुनं शिल्प १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतं. परवान्याशिवाय त्याचा व्यापार करता येत नाही आणि खासगीरीत्या ते देशाबाहेर नेता येत नाही. ‘‘अहो, घेऊन जा की, इथे कोण विचारतंय,’’ असं सांगणारा एखादा भला माणूस भेटेलच. त्याला चहा पाजा आणि रिकाम्या हाताने निघा.

नववी पायरी : नोंद झाल्यावर

फोटोंच्या कागदी प्रती काढून एक संच गावात द्या, देवळात किंवा शाळेत. मोबाइलमधले फोटो मोबाइलबरोबर जातात. काही वेगळं सापडलंय असं वाटलं, विशेषतः अक्षरं, तर राज्याच्या पुरातत्त्व विभागाला किंवा पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेला मापं आणि फोटोंसह लिहा. पत्रात फक्त पहिला रकाना पाठवा. दुसरा मागितला तर द्या. तिसरा स्वतःपाशी ठेवा.

मग वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा त्याच दगडाकडे जा आणि तीच मापं परत घ्या. मी गेल्या दिवाळीत घेतली. आमचा वीरगळ पाच वर्षांपूर्वी जमिनीपासून १३२ सेंटिमीटर होता, आता १०४ भरला. दगड खचला नव्हता. देवळापुढे भराव टाकून पेव्हर ब्लॉक बसवलेत, काम नेटकं झालंय, पावसात आता चिखल होत नाही. खालचा कप्पा मात्र पूर्ण ब्लॉकखाली गेलाय. वहीतल्या जुन्या पानावर सात गायी आहेत आणि मागे बघणारं वासरू. समोरच्या पानावर मी नवी तारीख घातली, ‘दिसलं’च्या रकान्यात ‘तीन कप्पे’ लिहिलं आणि खाली नवी उंची मांडली.